ताग्यावरचे देव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटचे नाजूक पाकीट ताठ राहावे म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागल्या आणि पुढे त्याच तुकड्यावर बेसबॉलपटूंची चित्रे देऊन त्यांनी सिगारेटची जाहिरात केली. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत वाटलेल्या कार्डांवर खरी छायाचित्रे चिकटवलेली असत. त्यांत खेळाडू स्टुडिओतील पडद्यापुढे उभा राहून दोरीला टांगलेला चेंडू झेलण्याचा आविर्भाव करतो, कारण धावता चेंडू टिपणे त्या काळच्या कॅमेऱ्याला अवघड होते.

महाराष्ट्रात या कार्डांचे जवळचे भावंड शोधायचे तर ते मुंबईच्या कापडबाजारात सापडते. कापडाच्या ताग्यावर दर्शनी बाजूस रंगीत कागद चिकटवला जाई, ज्याला व्यापारी टिकीट किंवा छाप म्हणत, आणि ज्या गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसे ते त्यावरील कृष्ण, लक्ष्मी किंवा हत्ती पाहून माल ओळखी. ही चित्रे शिळाछपाईने होत: गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढून दगड ओला केला की छपाईची शाई केवळ आकृतीवर बसते, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून ते सारे रंग कागदावर अचूक जुळवावे लागतात, त्यामुळे बोटभर चित्रामागेही कसबी कारागिरांची मोठी मेहनत असे.

याच तंत्राने राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने, जो १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, तैलचित्राचा भास देणारी ओलिओग्राफ चित्रे घरोघरी पोहोचवली. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे मालकी गेल्यावर तेथे जाहिरातींची आणि लेबलांचीही छपाई होऊ लागली. छायाचित्रावरून छपाईचा ठसा तयार करण्याचे काम या छापखान्यासाठी करणारे दादासाहेब फाळके यांनीच पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हा योगायोग मानता येत नाही, कारण देवाला सर्वांच्या नजरेस आणणारे यंत्र त्यांनी आधी छपाईत हाताळले होते.

होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे एक तंबाखू-कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकले गेले, तर मराठी घरांत देवाची तसबीर घडवणाऱ्या या जाहिरातचित्रांना कलेच्या इतिहासात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, आणि हा अन्याय आहे. ज्या वाचकांच्या घरी जुन्या ट्रंकेत अशी टिकिटे असतील, त्यांनी ती रद्दीत न देता कोरड्या कागदात ठेवून जवळच्या संग्रहालयास दाखवावीत.