बावीसपैकी पंधरा

'ताबा' हा शब्द आपण फ्लॅटलाही वापरतो आणि लेकरालाही. मुलाचा ताबा म्हटलं की डोळ्यांसमोर कौटुंबिक न्यायालयाचा व्हरांडा येतो. एका बाकावर आई, दुसऱ्यावर बाप. अमेरिकेतल्या 'डिपेंडन्सी कोर्टा'तलं भांडण निराळं. तिथे आईबापांसमोर उभं असतं सरकार. मुलाला मारहाण होते, त्याची आबाळ होते, घरात नशापाणी चालतं, असा सोशल वर्करचा अहवाल आला की मूल घरातून हलवलं जातं. मग ते परत जाणार का, आणि कधीपर्यंत, एवढंच ठरायचं उरतं.

यातलं 'कधीपर्यंत' फार महाग पडतं. राज्यांना केंद्राचा पैसा हवा असेल, तर कुटुंब एकत्र ठेवण्यासाठी त्यांनी 'वाजवी प्रयत्न' केले पाहिजेत, अशी अट १९८०च्या कायद्याने घातली. तरीही मुलं वर्षानुवर्षं एका फोस्टर घरातून, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाच्या घरातून, दुसऱ्या घरात फिरतच राहिली. म्हणून १९९७मध्ये नवा कायदा आला: गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फोस्टर केअरमध्ये असेल, तर राज्याने आईबापांचे हक्क कायमचे संपवण्यासाठी अर्ज करावा. मूल नातेवाइकांकडे असेल किंवा राज्यानेच ठरलेली मदत दिली नसेल, तर यातून सूट मिळू शकते. कॅलिफोर्नियाचं घड्याळ आणखी घाईत आहे. मूल तीन वर्षांहून लहान असेल, तर सुधारण्याची पहिली मुदत साधारण सहा महिन्यांची, मोठं असेल तर बारा. वाढवून वाढवून १८ महिने, क्वचित २४. तेवढ्यात व्यसनमुक्ती, समुपदेशन, लघवीच्या तपासण्या, पालकत्वाचे वर्ग आणि राहायला धड जागा, हे सगळं जमवायचं.

मला हे घड्याळ निव्वळ दुष्ट वाटत नाही. दोन वर्षांच्या पोराचे सहा महिने म्हणजे त्याचं पाव आयुष्य. पण व्यसन सुटताना माणूस तीनदा घसरतो, आणि स्वस्त घराच्या यादीत नंबर लागायला वर्षं जातात. या गोष्टी घड्याळाला कळत नाहीत. कोर्टाला कळतात का, हे पाहायला जुने निकाल काढावे लागतात.

१९८२चा सँटोस्की खटला न्यूयॉर्क राज्यातला. एका जोडप्याची तीन मुलं काढून घेतली होती. तिसरं तर अवघं तीन दिवसांचं असताना. पुराव्याचं पारडं जरासं एका बाजूला झुकलं तरी आईबापांचे हक्क संपवता येतील, असा तिथला नियम होता. उधारीच्या दाव्याला लावावा तो काटा! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायकच हवा, कारण सरकारच्या साधनांपुढे आईबाप टिकत नाहीत. निकालपत्राच्या एका तळटीपेत एक माहिती सहज आली आहे: त्या जोडप्याला पुढे आणखी दोन मुलं झाली आणि ती काढून घेण्यासाठी सरकारने काहीच केलं नाही. मी ती तळटीप दोनदा वाचली.

त्याच्या आदल्याच वर्षी मात्र याच न्यायालयाने हात आखडता घेतला होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या लॅसिटर खटल्यातली आई तुरुंगात होती. मुलावरचा तिचा हक्क संपवण्याच्या सुनावणीत तिला वकील नव्हता. साक्षीदाराची उलटतपासणी ती स्वतःच करत होती. अशा प्रत्येक खटल्यात सरकारने वकील द्यावाच असं राज्यघटना म्हणत नाही, असा निकाल लागला, तोही पाच विरुद्ध चार. पुढे बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्यांतून वकिलाची सोय केली. मिसिसिपीतल्या एका आईला अपील करायचं होतं, पण खटल्याच्या कागदपत्रांचा खर्च होता २,३५२ डॉलर ३६ सेंट, आणि तिच्याकडे तेवढे पैसे नव्हते. पैशावाचून तिचं अपील अडवता येणार नाही, हे १९९६मध्ये ठरलं.

'इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट' हे नाव वाचून आपल्यापैकी एखादा दचकेल. पण हा १९७८चा कायदा अमेरिकेच्या मूळ आदिवासी जमातींच्या मुलांसाठी आहे. इथे नुसते 'वाजवी' प्रयत्न चालत नाहीत, 'सक्रिय' लागतात. तो घटनाबाह्य ठरवावा म्हणून केलेला खटला २०२३मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फसला. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना यापेक्षा दुसरा एक नियम ठाऊक असलेला बरा: मुलावर अत्याचार होत असल्याचा वाजवी संशय आला, तर शिक्षक आणि डॉक्टर यांनी तो कळवणं कायद्याने सक्तीचं आहे. 'घरातलं घरात' ही आपली सवय तिथे चालत नाही.

मुदत संपल्यावर काय, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये 'केडन सी.' प्रकरणात नीट उलगडलं. त्या आईचा नशेशी झगडा संपलेला नव्हता, पण मुलाचा तिच्यावर जीव होता. हक्क संपवून मूल दत्तक दिलं जाणं टाळायचं तर पालकाने तीन गोष्टी दाखवायच्या: नियमित भेटी, मुलाला हितकारक असं नातं, आणि ते तुटल्याने होणारं नुकसान. पालक अजून व्यसनाशी झगडतो आहे, एवढ्याने दार बंद होत नाही. आणि दत्तक घेणाऱ्यांचं घर जास्त चांगलं आहे का, ही तुलना इथे करायची नाही.

आता हे नातं कोर्टापुढे येतं ते बरंचसं भेटींच्या नोंदींतून. आई देखरेखीखालच्या भेटीला किती वाजता आली, काय खाऊ आणला, निघताना पोर तिला बिलगलं की खेळण्याकडे वळलं, हे कोपऱ्यात बसलेलं कुणीतरी लिहून घेत असतं.