तळाचा थर

गुलमर्गच्या गंडोल्यातून अफरवटच्या माथ्याजवळ, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, उतरल्यानंतर पीर पंजालचा हिमप्रदेश इतका निष्पाप दिसतो, की त्याविषयी संशय बाळगणे कृतघ्नपणाचे वाटावे. परंतु हिमस्खलनाचा अदमास घेणाऱ्यांचा सारा व्यवसाय या संशयावरच उभा असून, त्याचा प्रारंभ फावड्याने जमिनीपर्यंत खड्डा खणण्याने होतो.

खड्ड्याची सावलीतील भिंत तासून सरळ केली, की तिच्यात आडवे थर उमटतात. माझ्यासोबतचा वाटाड्या प्रत्येक थरावर आधी मूठ, ती न शिरल्यास चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल आणि शेवटी सुरी, अशा क्रमाने काठिण्य तपासून वहीत टिपत होता. वरचा ताजा थर मुठीने दबला. वाऱ्याने घट्ट केलेला मधला थर पेन्सिलीवाचून दाद देईना. आणि अगदी तळाशी पुन्हा मूठच आत गेली व हाती आले जाड्या साखरेसारखे सुटे, चकाकणारे कण.

या कणांचे कूळ जाणून घेण्याजोगे आहे. चिल्लई कलानच्या, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या, कडाक्यात हिम बेताचे पडलेले असेल आणि रात्री निरभ्र असतील, तर पृष्ठभागी उणे पंधरा आणि जमिनीलगत शून्याच्या आसपास, असे तापमान अर्ध्या मीटरच्या जाडीत नांदते. मीटरमागे दहा अंशांचा फरकही कणांचे परस्परबंध सैल करण्यास पुरेसा असताना, येथे हिशेब तीस अंशांचा होतो. खालची वाफ वर सरकते आणि कणांना धारदार पैलू फुटतात. थोडे बर्फ म्हणजे थोडा धोका, हा मैदानी माणसाचा समज येथे नेमका उलटा ठरतो. पुढे पश्चिमी विक्षोभाने मोठा हिमपात आणला, की तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर त्या दुबळ्या पायावर जड पाट बसतो, आणि तो निखळायला एका माणसाचा भारही पुरतो.

मग तीस सेंटिमीटर लांबीरुंदीचा स्तंभ कापून, माथ्यावर फावडे ठेवून, दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून व दहा खांद्यातून द्यावयाचे. आमचा स्तंभ कोपराच्या ठोक्यांतच तळातून सफाईने सरकला, आणि वाटाड्याने मुकाट्याने वही मिटून परतीचा हुकूम दिला. या परीक्षेचा प्रतिकूल निकाल तत्काळ अंमलात आणावा, अनुकूल निकालाला मात्र परवाना समजू नये. कारण शंभर पावलांवर, वाऱ्याच्या आडोशास, तोच थर निराळी जबानी देतो.

गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या पाव तासानंतर झपाट्याने घटते, आणि एवढ्या अवधीत खालून कोणतीही मदत पोहोचणे दुरापास्त असते. तेव्हा आखलेल्या हद्दीबाहेर जाणाऱ्याने ट्रान्सीव्हर, शोधदांडी, फावडे आणि ती चालवता येणारा सोबती यांवाचून पाऊल टाकू नये, व संशयित उतार एकेकानेच ओलांडावा.