सणाच्या रंगात मुक्या जिवांचे भान

फाल्गुन पौर्णिमेस होळी पेटते, दुसऱ्या दिवशी धूलिवंदन होते आणि वद्य पंचमीस रंगपंचमी येते. तिच्या पाठोपाठ, वद्य षष्ठीस, पैठणास नाथषष्ठीचा सोहळा भरतो. १५९९ साली याच तिथीस संत एकनाथांनी समाधी घेतली. रामेश्वरास वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे हे सत्पुरुष! रंगाच्या दिवसामागोमाग त्यांचे स्मरण यावे, यात आम्हांस मोठे औचित्य वाटते. कारण माणसाच्या आनंदाला भरती येते त्याच दिवसांत दारच्या मुक्या प्राण्यांवर नाना संकटे ओढवतात.

पहिले संकट होळीचे. रचलेल्या लाकडांच्या आडोशास मांजरी पिलांसह विसावते. म्हणून अग्नी देण्यापूर्वी ढीग एकवार हलवून पाहावा. वरून शांत दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारे तसेच असतात. उबेसाठी कुत्री तेथे येऊन बसतात आणि त्यांचे पंजे भाजतात. पूजा आटोपल्यावर योग्य वेळी राखेवर पाणी शिंपडावे.

दुसरे संकट रंगाचे. पळसफुलांच्या रंगाची जागा आता पुष्कळ ठिकाणी रासायनिक रंगांनी घेतली आहे. कुत्री-मांजरे अंग चाटून स्वच्छ करतात, त्यामुळे अंगावर पडलेला रंग थेट त्यांच्या पोटात जातो. चुकून रंग पडलाच, तर कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढेच वापरावे. रॉकेलने रंग काढण्याचा उद्योग कदापि करू नये. त्याने कातडी पोळते आणि ते चाटल्यास विषबाधाही होते.

तिसरे संकट मात्र आपल्या भाविकपणातूनच जन्मते, हे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते. गोग्रास ही आपली पुण्य परंपरा. पण एकाच गायीपुढे दहा घरांच्या पुरणपोळ्या आल्या, तर चाऱ्यावर पोसलेल्या तिच्या पोटात ते पिष्ट आणि गूळ आंबून आम्ल वाढते. पोट फुगते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जीवही जातो. ग्रास हा ग्रासच असावा. उरलेली भक्ती हिरव्या चाऱ्याच्या पेंढीने व्यक्त करावी. नैवेद्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच ठेवू नये. अन्नाबरोबर पिशवीही पोटात जाते आणि तेथेच अडकून राहते. कुत्र्याला बेदाणे, मनुका आणि चॉकलेट विषासमान आहेत. पाडव्याच्या श्रीखंडातील बेदाणेही त्याच्या ताटलीत पडू देऊ नयेत. पूजेनंतरची कण्हेरीची फुले-पाने गुरांच्या तोंडी लागणार नाहीत, अशी टाकावीत. ते झाड सर्वांगी विषारी आहे.

चौथे संकट उन्हाचे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते शरीर थंड करते. भर दुपारी त्यास तापलेल्या रस्त्यावर नेऊ नये. धाप थांबेना, पाय लटपटू लागले, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी घालावे, वारा घालावा आणि पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

गुढी उभारण्याच्या दिवशी अंगणात पाण्याने भरलेले एक पसरट मातीचे भांडेही ठेवावे, ते रोज घासून भरावे आणि मृगापर्यंत हा नेम मोडू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती. नाथांची कावड रामेश्वरास पोचण्यापूर्वीच देवाला पावली होती. आपल्या दारचे हे भांडेही त्याच देवापाशी पोचेल, अशी आमची श्रद्धा आहे.