पणजोबांची कबर नव्हे, नाव शोधा

‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले. तिथं त्यांची कबर असेल ना?’ साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न आहे. बहुधा कबर नसते. हिंदू शिपायांना जमेल तिथं अग्नी दिला गेला आणि अनेकांची शेवटची जागा कुणी टिपूनच ठेवली नाही. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, माणगावकडचे यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीत पडले. त्यांचीही कबर ठाऊक नाही, नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर.

मग बसऱ्याच्या स्मारकावर पणजोबांचं नाव कोरलेलं असेल? तेही नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये मेलेल्या, कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते उभारलं. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर चढली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा, तरी मागितली हे बरं झालं. आता कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत शिपायांची नावं शोधता येतात.

इंडिया गेटवर सगळे हुतात्मे आहेत, असंही लोक धरून चालतात. पहिल्या महायुद्धात ७० हजारांहून अधिक हिंदी सैनिक गेले, गेटवर नावं साधारण १३ हजार. गावच्या संगमरवरी पाटीवर तर बहुतेकदा किती गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच असतं.

शोधाची सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. पणजोबांचा चांदीचा बिल्ला असेल तर राजाच्या बाजूकडे बघत बसू नका, तो उभा धरून कड उजेडात हळूहळू फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्यावर तिथं बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नंबर आणि पलटण हाती आली की निम्मं काम झालं, कारण नुसत्या नावावर भरवसा ठेवता येत नाही. कारकुनानं कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी सापडतं. वडिलांचं नाव आणि गाव ताडून पाहा. आणि जिल्हा तेव्हाचा घाला: महाडचा शिपाई कुलाब्यात, मालवणचा रत्नागिरीत, तासगावचा साताऱ्यात.