क्रूझवरचे दोन दर्जे: खोलीचा आणि रात्रींचा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मंडळींनो, कंपनीच्या सुट्टीत मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसच्या ‘एम्प्रेस’ बोटीने जायचा विचार असेल तर हे वाचा. ही बोट १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे दाखल झाली आणि २०२१पासून कॉर्डेलियाकडे आहे.

पहिला दर्जा खोलीचा: खिडकी नसलेली आतली, समुद्र दिसणारी, बाल्कनीची, आणि सर्वांत वर स्वीट. पूर्वी कोकणच्या बोटींवरही खालच्या आणि वरच्या डेकचे दर वेगळेच असत. क्युनार्ड या क्रूझ कंपनीच्या बोटींवर तर तुमची खोली कोणती, यावर जेवायला कुठल्या दालनात बसायचं तेही ठरतं.

दुसरा दर्जा निष्ठेचा, म्हणजे एकाच कंपनीच्या बोटींवर किती रात्री काढल्या त्याचा, आणि मला खरी गंमत यातच वाटते. ‘एम्प्रेस’ पूर्वी जिच्याकडे होती त्या रॉयल कॅरिबियनचंच बघा: तिथे बोटीवरच्या एका रात्रीला एक गुण मिळतो. ३ गुणांना गोल्ड, ३०ला प्लॅटिनम, ५५ला एमराल्ड, ८०ला डायमंड, १७५ला डायमंड प्लस आणि ७००ला पिनॅकल! डायमंडपासून रोज काही पेयं मोफत मिळतात. आतल्या स्वस्त खोलीत राहणारा जुना प्रवासीही डायमंड होऊ शकतो, हे मला फार आवडतं. मात्र स्वीट घेणाऱ्याला दर रात्रीमागे दुप्पट गुण मिळतात. हे मला पटत नाही. पैशाला मान आधीच मिळालेला असतो. एकट्याने दोघांचं भाडं भरणाऱ्यालाही जादा गुण मिळतो, तो मात्र रास्त वाटतो.