शंभरातली एक सोनकी

भाद्रपदात आंबिवलीहून पेठच्या वाटेला लागलं, की कोथळीगडाखालचे उतार पिवळेधमक झालेले दिसतात. ही सोनकी. पावसात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि थंडी पडता पडता वाळून जायचं, एवढंच तिचं आयुष्य. मूळची ती सह्याद्री आणि आसपासच्या डोंगरांचीच.

वाटेवर गळून पडलेलं एखादं फूल उचलून नीट उलगडून बघा. ते एक फूल नव्हेच! कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हे वेगळं फूल आणि मधल्या गोल चकतीत नळीसारखी इवली फुलं दाटीवाटीने उभी. प्रत्येकाला एकेक बी, वाऱ्यावर उडायला पांढऱ्या तंतूंचा झुबका लावलेलं.

आता हिशेब करू. एका रोपाच्या 100 बिया धरू आणि सगळ्या रुजल्या असं मानू. तिसऱ्या वर्षी 10 लाख रोपं, पाचव्या वर्षी 1,000 कोटी, म्हणजे जगातल्या माणसांहून जास्त. आठव्या वर्षी पृथ्वीवरच्या साऱ्या जमिनीवर, वाळवंटं आणि बर्फ धरूनही, दर चौरस मीटरला साठाहून अधिक रोपं!

पण उतार तेवढाच पिवळा राहतो. म्हणजे शंभरातल्या सरासरी नव्व्याण्णव बिया वाया जातात. कशा, ते पावसाला विचारा. कर्जत-खालापुरात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त कोसळतो. वीतभर लांब-रुंद जागेवर, म्हणजे एका रोपाच्या वाट्याला, 120 लिटर. दहा लिटरच्या बारा बादल्या. खाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. बी वाहून जातं, कुजतं, गवताखाली दबतं. टिकलं तर पाऊस सरल्यावर तोच कातळ कोरडा ठणठणीत.

सोनकीच्या नावाचीही एक गोष्ट आहे. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी करणारे जॉन ग्रॅहम 1839 मध्ये, यादी छापली जात असतानाच, खोपोलीच्या माथ्यावरच्या खंडाळ्यात वारले. सोनकीचं जुनं शास्त्रीय नाव त्यांच्याच नावावरून ठेवलेलं. आजच्या नावात मुंबई आहे, ‘बॉम्बेयेन्सिस’.

या रोपाला दुसरं वर्ष नसतं. पुढच्या भाद्रपदातलं पिवळं रान यंदाच्या बियांतूनच येणार. म्हणून इर्शाळगडावर जा की पेठला, फोटोसाठी फुलांत शिरू नका. पायवाट सोडू नका.