लेक परदेशी शिकायला निघाली, तर...

भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात बी.एड.चा अभ्यास करणाऱ्या मुलीला परदेशी प्रशिक्षणाची संधी मिळाली, की घरात आनंदाआधी काळजी येते. पहिलाच विमानप्रवास, अनोळखी मुलूख. नमाज, हलाल जेवण कसं होईल? नमाजचं म्हणाल, तर मुसाफिराला कस्रची सवलत आहेच. चार रकात फर्जऐवजी दोन. बाकीची काळजीही नवी नाही.

१९०६ साली मुंबईच्या अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे कॉलेजात गेल्या. प्रवास बोटीचा. तिथलं सारं त्या बहिणीला लिहून कळवत. हे लेखन लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापलं गेलं. १९२१ मध्ये त्याचं ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झालं. अभ्यासक्रम अर्धा सोडून त्या १९०७ मध्ये परतल्या. प्रमाणपत्र मिळालं नाही, पण त्यांनी पाहिलेलं लंडन घरोघरच्या वाचणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचलं.

म्हणून अम्मी-अब्बांनो, लेकीच्या सामानात दुआंबरोबर एक कोरी वहीही ठेवा. तिथे वर्ग कसा चालतो, मुलं प्रश्न कसे विचारतात, हे तिने रोज लिहावं आणि परतल्यावर मोहल्ल्यातल्या मुलींना वाचून दाखवावं. इल्म वाटल्यानेच वाढतं.